होल्टर लावून घरी जाताना: नाशिककर पेशंटसाठी पहिल्या चोवीस तासांची तयारी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘होल्टर, २४ तास’ एवढंच लिहिलेलं असतं. होल्टर म्हणजे छातीवर चिकटपट्ट्या आणि वायरी लावून हृदयाचे ठोके दिवस-रात्र नोंदवणारं छोटं यंत्र. ती चिठ्ठी घेऊन पेशंट आमच्या ईसीजीच्या खोलीत येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, ॲडमिट व्हावं लागेल का?" नाही. यंत्र लावायला वीसेक मिनिटं लागतात, मग सरळ घरी जायचं. दुसरा प्रश्नही ठरलेला, "म्हणजे उद्यापर्यंत पडून राहायचं ना?" त्याचंही उत्तर नाही. खरं तर हा लेख लिहायला बसले ते या दुसऱ्या प्रश्नासाठीच.

साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा असतो. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला १,००,८०० होतात. त्यातले दहा-बारा ईसीजीच्या कागदावर उमटतात. तुमची धडधड आठवड्यातून दोन-तीनदाच होत असेल, तीही भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना किंवा रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर, तर त्या दहा सेकंदांत ती सापडायची कशी? म्हणून हे छोटं यंत्र अंगावर द्यायचं आणि दिवस-रात्र सगळे ठोके नोंदवायचे. छातीत धडधडणं, ठोका चुकल्यासारखं वाटणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, अचानक शुद्ध हरपणं, यांसाठी होल्टर लिहून देतात. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्यांनाही देतात, कारण एट्रियल फिब्रिलेशन नावाची अनियमित लय अधूनमधून येऊन जाते, पेशंटला कळतही नाही, आणि तिच्यामुळे रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते.

यंत्राला नाव पडलं ते नॉर्मन जेफरिस होल्टर या अमेरिकी शास्त्रज्ञावरून. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी केलेलं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन होतं सुमारे ३८ किलो. आजचं यंत्र काडेपेटीपेक्षा थोडं मोठं असतं. "हे गळ्यात अडकवून कसं फिरू?" असं कोणी म्हणालं की मी हा आकडा सांगते.

नंबर लावताना

मुंबई नाका, गंगापूर रोड, कॉलेज रोड, नाशिकरोड या भागांतल्या बऱ्याच हृदयरोगतज्ज्ञांकडे होल्टर मिळतो. शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात सरकारी हृदयरोग विभाग आहे. खर्चाची ओढाताण असेल तर आधी तिथे चौकशी करा. कुठेही गेलात तरी यंत्रं मोजकीच असतात आणि एक यंत्र एका पेशंटकडे पूर्ण दिवस अडकतं. त्यामुळे फोन करून नंबर लावल्याशिवाय येऊ नका. सिन्नर, दिंडोरी, कळवणहून एसटीने आलेल्या माणसाला "आज यंत्र रिकामं नाही, उद्या या" म्हणायला आम्हालाही जिवावर येतं.

फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या. फी किती? डिपॉझिट किती, आणि ते रोख की ऑनलाइन? यंत्र परत कधी आणायचं? महिला टेक्निशियन कोणत्या वेळेत असतात? शनिवारी लावायचं असेल तर रविवारी कोण काढून घेणार, हेही तेव्हाच ठरवा. बाहेरगावच्यांनी शहरात कोणाकडे मुक्काम करायची गरज नाही, यंत्र घेऊन गावी जाता येतं. फक्त दुसऱ्या दिवशीच्या परतीच्या एसटीची वेळ बघून ठेवा.

आणखी एक. मेडिक्लेम ओपीडीतल्या तपासण्यांचे पैसे सहसा देत नाही. पण रिपोर्टनंतर थोड्याच दिवसांत त्याच कारणासाठी ॲडमिट व्हावं लागलं, समजा पेसमेकर बसवायला, तर बहुतेक पॉलिसींत ॲडमिट होण्याआधीचा खर्चही मागता येतो. पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा.

दिवस कोणता निवडायचा

इथे लोक सर्रास चुकतात. कामावर त्रास होतो, आणि होल्टर लावतात सुट्टीच्या दिवशी, का तर "लोकांत वायरी दिसायला नकोत". सातपूर-अंबडच्या कंपनीत रात्रपाळीला धडधडत असेल तर होल्टर रात्रपाळीच्या दिवशीच लावा. बागेत काम करताना गरगरत असेल तर बागेत जायच्या दिवशी. मुलांच्या परीक्षेचा अभ्यास घेताना छाती धडधडते असं एक ताई सांगत होत्या. त्यांना मी म्हटलं, मग ऐन परीक्षेच्या आठवड्यातच या! हसल्या, पण आल्या.

टाळायचे दिवस थोडेच. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारायचा बेत असेल तर होल्टर पुढे ढकला, यंत्र आणि रहाड एकत्र जमणार नाही. गोदाघाटावर पर्वणीचं स्नान करायचं असेल तेव्हाही तेच. एप्रिल-मेच्या उन्हात घामाने पट्ट्या सुटतात, पण म्हणून तपासणी पावसाळ्यावर ढकलू नका. सकाळची लवकरची वेळ मागून घ्या, एवढं पुरतं. त्या चोवीस तासांत एमआरआय, सीटी किंवा एक्स-रे ठरलेला असेल तर त्याची तारीख बदला.

औषधांचं काय

बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे डॉक्टरच सांगतील. कधी त्यांना गोळी चालू असताना लय कशी राहते ते बघायचं असतं, कधी गोळीशिवाय. "तपासणी आहे म्हणून सकाळची गोळी घेतली नाही" असं परस्पर करू नका. मेटोप्रोलॉलसारख्या, ठोके हळू करणाऱ्या गोळ्या एकदम बंद केल्या तर त्रास उलटून येतो. दम्याचा पंप, सर्दीची गोळी, तंबाखू, जास्तीचा चहा यांनीही ठोके वाढतात. घेत असाल तर लपवू नका, नोंद करा.

उपाशी पोटी यायची गरज नाही. शुगरवाल्यांनी तर मुळीच उपाशी राहू नये.

अंघोळ करूनच निघा

यंत्र लागलं की ते निघेपर्यंत अंघोळ नाही. म्हणून सकाळी साबण लावून स्वच्छ अंघोळ करा, अंग कोरडं पुसा. छातीला तेल, पावडर, बाम, क्रीम काहीही नको. अभ्यंगस्नान करून आलेल्या आजोबांच्या छातीवर काहीही चिकटत नाही.

पुरुषांनी पुढून बटणं असलेला सैल शर्ट घालावा. छातीवरचे केस घरी काढायच्या भानगडीत पडू नका; कुठे काढायचे ते आम्हाला माहीत असतं, आणि घरच्या ब्लेडने कापलेल्या जागी स्पिरिट लागलं की तुम्हीच ओरडता. बायकांना पुढे हूक असलेलं ब्लाउज किंवा सैल कुर्ता सोयीचा. घट्ट टी-शर्ट काढता-घालता सगळ्या वायरी ओढल्या जातात. लांब मंगळसूत्राचा पदर छातीच्या मधल्या पट्टीवर घासत राहतो आणि रेकॉर्डिंगमध्ये खरखर येते. त्या दिवसापुरतं आखूड मंगळसूत्र घाला. ब्रा घालायला हरकत नाही, फक्त तिची तार किंवा पट्टा पट्टीच्या बरोबर वर येत नाही ना ते लावतानाच बघून घ्या. बोलायला संकोच करू नका, आम्ही दिवसभर हेच करतो.

चिकटपट्टीने अंगावर पुरळ येत असेल तर आधी सांगा. वेगळ्या प्रकारच्या पट्ट्या मिळतात.

लावताना काय होतं

दुखत काही नाही. यंत्र शरीरात वीज सोडत नाही, ते फक्त हृदयाची स्वतःची वीज टिपतं. आधी पट्टीच्या जागचे केस काढतो, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो, मग कोरड्या गॉझने त्वचा हलकेच घासतो. जागा किंचित गुलाबी झाली की समजायचं तयार आहे. या घासण्याची पेशंटला कटकट वाटते, पण चोवीस तासांच्या रेकॉर्डिंगचा दर्जा याच अर्ध्या मिनिटावर ठरतो. मग जेलीच्या पट्ट्या लागतात. यंत्राप्रमाणे तीन, पाच, सात, बारा लीडच्या (हृदयाकडे बारा बाजूंनी बघणाऱ्या) होल्टरला दहा. प्रत्येकीच्या मध्यावर टिचबटणासारखी खुंटी असते, तिच्यावर वायर टिचकन बसते. वायरीला एक छोटा वळसा देऊन वरून मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) लावतो, म्हणजे ओढ बसली तरी वळसा सुटतो, पट्टी जागची हलत नाही.

खोलीतून निघण्याआधी तुम्ही दोन कामं करा. पहिलं, मोबाइलवर छातीचा फोटो काढून घ्या, कोणत्या रंगाची वायर कुठे आहे ते दिसेल असा. रंगांची पद्धत यंत्रागणिक बदलते, त्यामुळे इंटरनेटवरचं चित्र बघून वायर लावू नका. तुमचा फोटोच खरा. दुसरं, यंत्रातली वेळ आणि तुमच्या घड्याळातली वेळ जुळवून घ्या. यंत्र सात मिनिटं पुढे असेल तर तुम्ही १०.१५ ला लिहिलेली धडधड आम्ही १०.१५ च्या रेकॉर्डिंगमध्ये शोधत बसतो, आणि ती असते १०.२२ ला.

घरी गेल्यावर: रोजचंच सगळं करा

आता त्या पडून राहण्याबद्दल. यंत्र लागल्यावर घरचे पेशंटला पलंगावर बसवतात, हातात पाण्याचा तांब्या देतात, सुनेला सांगतात आज आईंना काही करू देऊ नकोस. माया कळते. पण मग रिपोर्ट येतो तो पलंगावर बसलेल्या माणसाचा. ज्या त्रासासाठी एवढा खटाटोप केला तो त्या दिवशी उद्भवतच नाही आणि डॉक्टरांच्या हातात काही पडत नाही. तेव्हा केर-वारे, स्वयंपाक, बाजार, नोकरी, सगळं नेहमीसारखं. रोज संध्याकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चार फेऱ्या मारत असाल तर त्या दिवशीही चार मारा. जिन्यावर त्रास होतो ना, मग जिना चढा. चहा रोज जेवढा तेवढाच.

मात्र याचा उलटा अर्थही काढू नका. एरवी कधी चालत नाही आणि होल्टर लागलंय म्हणून पांडवलेणी चढायला निघाले, हे बरोबर नाही. डॉक्टरांनी व्यायामाला मनाई केली असेल तर ती मनाई त्या दिवशीही लागू आहे.

गाडी चालवताना शुद्ध हरपण्याची भीती असेल, किंवा बेशुद्ध पडण्यासाठीच ही तपासणी असेल, तर स्वतः गाडी चालवू नका. सिटीलिंकच्या बसने या किंवा कोणाला तरी सोबत घ्या. बाकीच्यांना दुचाकी चालते. सॅकचा किंवा पर्सचा पट्टा छातीवरून आडवा घेऊ नका. कारचा सीटबेल्ट मात्र लावायचाच. टोचत असेल तर मध्ये मऊ रुमाल घाला.

मोबाइल शर्टाच्या खिशात नको, यंत्रापासून वीतभर तरी लांब हवा. इंडक्शनच्या शेगडीला अगदी चिकटून उभं राहू नका. इलेक्ट्रिक ब्लँकेट, गरम पिशवीचा वीजवाला प्रकार, मोठे लोहचुंबक टाळा. निफाडकडच्या थंडीत ब्लँकेटची सवय असेल तर त्या रात्री साधी गोधडी घ्या. मॉलच्या किंवा देवळाच्या दारात मेटल डिटेक्टरची कमान लागली तर तिथल्या माणसाला यंत्र दाखवा आणि बाजूने सोडायला सांगा. वेल्डिंगचं काम करणाऱ्यांनी, सबस्टेशनवर ड्यूटी असणाऱ्यांनी हे आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावं, कारण तिथल्या विजेची खरखर रेकॉर्डिंगमध्ये मिसळते. द्राक्षबागेत ट्रॅक्टरवर फवारणी असेल तर धक्क्यांनी रेषा नाचते, शिवाय अंग भिजतं. तेवढं एक काम दुसऱ्यावर सोपवा, बाकी बागेत फिरा.

अंग ओल्या पंच्याने पुसा, छाती सोडून. हात, पाय, तोंड धुवायला काही अडचण नाही.

डायरी

आम्ही एक कागद देतो. दुसऱ्या दिवशी तो बहुतेक वेळा कोरा येतो, नाहीतर त्यावर एकच ओळ असते: "दिवसभर थोडं अस्वस्थ वाटलं." या ओळीचा आम्हाला काडीचा उपयोग नाही. हृदयाने काय केलं ते यंत्र सांगतं. त्या वेळी तुम्ही काय करत होता आणि तुम्हाला काय जाणवलं ते फक्त तुम्हालाच ठाऊक. दोन्ही शेजारी ठेवल्यावर डॉक्टरांना अर्थ लागतो. धडधड वाटली त्या मिनिटाला लय अगदी सरळ असेल तर तीही मोठी बातमी आहे, कारण मग त्रासाचं कारण लय नाही, दुसरं काही तरी शोधायला हवं.

उपयोगी डायरी अशी दिसते:

सकाळी ११.०५, दुसऱ्या मजल्यावर चढले, हातात गव्हाची पिशवी. छातीत जोरात धडधड, एक-दीड मिनिट. बटण दाबलं.
दुपारी १.३०, जेवण. १.४५, बीपीची गोळी.
२.१० ते ३.००, झोप.
५.२०, चहा. बहिणीचा फोन, वादावादी झाली. त्रास नाही.
रात्री ९.४०, टीव्ही बघताना ठोका चुकल्यासारखं, दोनदा. बटण दाबलं.
१०.४५, झोपले. २.३०, लघवीला उठले.

एवढंच. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी नातवंडाने लिहावं, किंवा मोबाइलवर वेळ सांगून बोलून ठेवावं. भांडण झालं ते लिहायला लोकांना संकोच वाटतो. कोणाशी, कशावरून, हे नका लिहू. झालं आणि किती वाजता, एवढं पुरे.

यंत्रावर बटण असेल तर त्रास जाणवताक्षणी एकदा दाबून सोडायचं. त्याने त्या वेळेवर खूण पडते. बटण दाबायला विसरलात तरी रेकॉर्डिंग चालूच असतं, म्हणून घाबरू नका, वेळ तेवढी लिहा.

आणि हे नीट लक्षात ठेवा: साध्या होल्टरवर त्या क्षणी कोणीही लक्ष ठेवून नसतं. बटण दाबल्याने दवाखान्यात घंटा वाजत नाही. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय, घाम सुटलाय, श्वास पुरत नाही, माणूस बेशुद्ध पडला, तर डायरी बाजूला ठेवा, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलमध्ये पोहोचा. यंत्र अंगावरच असू द्या. काढायची वेळ आली तर तिथले लोक काढतील.

पट्टी सुटली तर

आधी बोटांनी कडा दाबून बघा. चिकटत नसेल तर आम्ही दिलेली जादा पट्टी घ्या, जागा कोरडी करा, फोटो बघून त्याच जागी लावा, वायर टिचकन बसवा. जादा पट्टी नसेल तर वरून मायक्रोपोरची पट्टी मारा. किती वाजता सुटली आणि किती वाजता लावली ते डायरीत लिहा. यंत्र उघडू नका, बॅटरी काढून बघू नका. स्क्रीन काळा दिसला की "बंद पडलं" म्हणून लोकांच्या पोटात गोळा येतो. बऱ्याच यंत्रांचा स्क्रीन बॅटरी वाचवण्यासाठी आपोआप विझतो. शंका आली तर फोन करा.

रात्र

पाठीवर किंवा कुशीवर झोपा, पालथं नको. यंत्राचं पाऊच गळ्यात किंवा कमरेला बांधलेलंच ठेवा. उशीशेजारी सुटं ठेवलं की कूस वळताना ते खाली पडतं आणि वायरी ओढल्या जातात. खाज सुटली तर पट्टीच्या कडेला हलकेच चोळा, पट्टीखाली नख घालू नका. झोप नेहमीपेक्षा कमी लागते, बहुतेकांना लागते, त्याने रिपोर्ट बिघडत नाही. घोरण्याचा त्रास असेल किंवा रात्री दचकून जाग येत असेल तर घरच्यांना विचारून तेही लिहा.

परत करताना, आणि रिपोर्ट

ठरल्या वेळी या, डायरी विसरू नका. पट्ट्या निघाल्यावर लाल चौकोन राहतात, एक-दोन दिवसांत जातात. अंघोळीनंतर खोबरेल तेल लावा. फोड आले तर दाखवा.

रिपोर्ट तिथल्या तिथे मिळत नाही. कॉम्प्युटर ठोक्यांची वर्गवारी करतो, पण हलण्यामुळे आलेली खरखर तो कधी कधी जादा ठोका म्हणून मोजतो. टेक्निशियन ते तपासून साफ करतो, मग डॉक्टर वाचतात. एक-दोन दिवस धरा.

हातात आल्यावर लोक सगळ्यात आधी ‘किमान ठोके’ बघतात आणि तिथे पहाटे ३.२० ला ४६ दिसलं की तोंडचं पाणी पळतं. गाढ झोपेत ठोके पन्नासच्या खाली उतरणं बऱ्याच निरोगी माणसांत दिसतं. दिवसा, जागेपणी, चक्कर येताना उतरले तर गोष्ट वेगळी. व्हीपीसी किंवा एपीसी म्हणजे वेळेआधी पडलेले जादा ठोके. थोडेफार जवळपास सगळ्यांनाच असतात. खालच्या कप्प्यातून येणारे व्हीपीसी एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या वर गेले तर डॉक्टर जास्त खोलात जातात आणि बहुधा इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतात. ‘पॉज’ म्हणजे दोन ठोक्यांमधला लांबलेला खंड. जागेपणी तो तीन सेकंदांच्या पुढे गेला तर डॉक्टर गंभीरपणे घेतात. रिपोर्टचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकून भाच्याला अर्थ विचारण्यापेक्षा डॉक्टरांची वेळ घ्या.

रिपोर्ट नॉर्मल आला आणि त्या दिवशी त्रासही झाला नव्हता, तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही. अशा वेळी डॉक्टर ४८ किंवा ७२ तासांचं होल्टर, छातीवर चिकटवायची बिनवायरची आठवडा-दोन आठवड्यांची पट्टी, किंवा फारच क्वचित बेशुद्धी येत असेल तर त्वचेखाली बसवायचा, काही वर्षं चालणारा लूप रेकॉर्डर सुचवतात. मनगटावरच्या घड्याळाचा ईसीजी होल्टरची जागा घेत नाही, पण ऐन धडधडीत घेतलेली त्याची तीस सेकंदांची पट्टी असेल तर प्रिंट काढून न्या. डॉक्टर ती बघतात.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर नुसतं पहिलं पान नेऊ नका. मागच्या पानांवर ईसीजीच्या प्रत्यक्ष पट्ट्या छापलेल्या असतात, त्या आणि डायरीची झेरॉक्स सोबत हवी. मूळ डायरी आम्ही फाइलला लावतो, तेव्हा जमा करण्याआधीच मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा.